शब्दचर्चा : किडा, कीटक आणि कीड

‘किडा’, ‘कीटक’ आणि ‘कीड’ हे तीन शब्द लेखनात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तिघांचे नाते उघड असले तरी आजच्या मराठीत त्यांची कामे वेगळी झाली आहेत, आणि आपल्या आसपासची जीवसृष्टी ओळखू पाहणाऱ्याने ती वेगळीच ठेवावीत, असे माझे ठाम मत आहे.

‘किडा’ हा शब्द दिसण्यावरून पडलेला आहे. जे लहान आहे आणि सरपटते, वळवळते किंवा उडते, त्याला बोलीभाषा किडा म्हणते. म्हणूनच पावसाच्या आरंभी जमिनीवर फिरणारा लाल मखमली जीव ‘मृगाचा किडा’ ठरतो, आणि हा प्रयोग निर्दोष आहे. त्यालाच ‘कीटक’ म्हटले तर मात्र चूक होईल, कारण प्रौढावस्थेत त्याला आठ पाय असतात. ‘कीटक’ ही शास्त्रीय परिभाषा आहे : डोके, वक्ष आणि उदर असे शरीराचे तीन भाग व सहा पाय असलेल्या जीवांनाच ती लागू पडते. मुंगी, डास, वाळवी, ढेकूण आणि फुलपाखरू त्यात येतात. कोळी, विंचू, गोचीड आणि गोम येत नाहीत. एवढी अट घातल्यावरही नामकरण झालेल्या जातींची संख्या सुमारे १० लाख भरते.

‘कीड’ या शब्दाचा निकष निराळाच आहे, तो म्हणजे नुकसान. पिकाचा रस शोषणारा मावा ही कीड आहे. तो मावा फस्त करणारा ढालकिडा कीटक असूनही कीड नाही, आणि शेतीविषयक लेखनात त्याला ‘मित्रकीटक’ हा फार सुंदर शब्द रूढ आहे. याउलट पानांवर पडणारा लाल कोळी कीड आहे, पण कीटक नाही. दाताला लागते ती कीड तर जिवाणूंमुळे होते. हा भेद केवळ कोशापुरता नाही. ‘कीटकनाशक’ आणि ‘कीडनाशक’ समानार्थी मानून लाल कोळ्यावर हाती येईल ते कीटकनाशक फवारले, तर कोळी शाबूत राहून त्याला खाणारे मित्रकीटक मरण्याची आणि त्यामुळे कोळ्याचाच उपद्रव वाढण्याची शक्यता असते.

‘भुंगा’ आणि ‘भुंगेरा’ या जोडीतही असाच घोळ आहे. काव्यात फुलांभोवती गुंजारव करणारा, वाळके लाकूड पोखरून घर करणारा काळा भुंगा हा मधमाशीचा नातलग असून त्याचे चारही पंख पातळ असतात. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कठीण होऊन मागच्या पंखांवर झाकणासारखे बसतात. भुंगेऱ्यांच्या ज्ञात जाती सुमारे ४ लाख आहेत. इतक्या मोठ्या गटासाठी स्वतंत्र शब्द उपलब्ध असताना त्यालाही सरसकट ‘भुंगा’ म्हणणे मला पटत नाही, जरी ‘गेंड्या भुंगा’सारखी रूढ नावे आता बदलणार नाहीत.

वनस्पतींकडे वळले तर ‘तण’ हा शब्द ‘कीड’सारखाच आहे; नको त्या जागी उगवलेली कोणतीही वनस्पती तण ठरते. अधिक अन्याय ‘बांडगूळ’ या शब्दाने होतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला हिणवण्यासाठी तो वापरतात, परंतु खरे बांडगूळ यजमान झाडाकडून मुख्यतः पाणी आणि क्षार घेते व आपल्या हिरव्या पानांत अन्न स्वतः तयार करते. अन्नासाठीही यजमानावर विसंबणारी वनस्पती म्हणजे अमरवेल. त्याहून खटकते ते झाडावर वाढणाऱ्या आमरीला (ऑर्किडला) बांडगूळ म्हणणे. फांदीवर वाढणारी आमरी झाडाचा केवळ आधार घेते. पाणी तिला पावसातून आणि हवेतील ओलाव्यातून मिळते, यजमानाच्या रसातून नव्हे. अशा वनस्पतींसाठी ‘अपिवनस्पती’ हा पारिभाषिक शब्द आहे, पण तो बोलण्यात रुळलेला नाही. बांडगूळ आणि आमरी यांतील भेद दाखवणारा एखादा बोलीतील शब्द कोणास ठाऊक असल्यास त्याने तो अर्थासह येथे अवश्य नोंदवावा.