जुना यूव्ही स्पेक्ट्रो विंडोज ११ ला जोडला जात नाहीये, कोड १० येतोय

रसायन_लॅब: नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरला मागे फक्त ९ पिनचा सिरियल पोर्ट आहे, त्याचा एक्सपीवाला पीसी मेला आणि नवीन पीसीला सिरियल पोर्टच नाही म्हणून यूएसबी-टू-सिरियल केबल आणली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड १० (म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही), आणि नावाच्या जागी ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ (ही चिप २०१२ पासून बंद) असं येतंय. मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर रीडिंग नीट आहे, तरंगलांबी तपासायच्या होल्मियम फिल्टरचं ३६१ नॅनोमीटरचं पीक पण जागेवर येतंय. सर्व्हिसवाला म्हणतोय बोर्ड बदला. एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्ट अडकलेत हो, खरंच बोर्ड गेलाय का?

कॅलिब्रेशनवाला: बोर्डावर एक रुपया घालू नका! पीसीचं बोलणं मशीनपर्यंत पोचतच नाहीये, कोड १० हा केबलमधल्या चिपचा आहे. ती जुनी चिप (किंवा तिची नक्कल, बाजारात ढिगाने आहेत) नवीन ड्रायव्हर मुद्दाम नाकारतो.

पिपेट: जुना ३.३.२.१०२ ड्रायव्हर टाका, अपडेट ड्रायव्हरमध्ये जाऊन लिस्टमधून हाताने निवडायचा, लगेच चालू होतं.

कॅलिब्रेशनवाला: @पिपेट चालतं, पण विंडोज अपडेट आलं की परत नवा ड्रायव्हर बसतो आणि नेमका प्रॅक्टिकलच्या दिवशी घात होतो. लॅबसाठी मी तरी एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबलच सांगेन, आणि तीही खात्रीच्या दुकानातून, कारण २०१४ मध्ये त्यांच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून त्या निकामी केल्या होत्या. केबल आली की आधी मशीनला लावू नका. पिन २ आणि ३ एका वायरने जोडा, टर्मिनल प्रोग्राम उघडा, लोकल इको (टाइप केलेलं प्रोग्रामने स्वतःच दाखवणं) आणि फ्लो कंट्रोल बंद ठेवा, काहीतरी टाइप करा. तेच अक्षर परत दिसलं म्हणजे केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक.

रसायन_लॅब: सर खूप आभार, नवीन केबल आणली, अक्षरं परत येतायत!! पण मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट नंबर कॉम १ ते ४ एवढंच दिसतं आणि विंडोजने दिलाय कॉम ११.

सूक्ष्मजीव_ताई: अगं/अरे जुन्या सॉफ्टवेअरला तेवढेच माहीत असतात. पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, तिथे कॉम ३ कर. ‘इन यूज’ म्हणालं तर व्ह्यूमधून हिडन डिव्हाइसेस दाखव, आधीच्या केबलची भुतं तिथे नंबर अडवून बसलेली असतात, ती अनइन्स्टॉल कर. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक तपासायची बिट) मॅन्युअलमध्ये बघून दोन्हीकडे सारखं हवं, नेहमीचं ९६००-८-नन-१ (वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट) असेल असं धरून चालू नकोस. तरी गप्प राहिलं तर मशीनला सरळ केबल लागते की २-३ उलटी केलेली नल मोडेम, ते बघ.

रसायन_लॅब: ताई, स्कॅन आला!!! नल मोडेमच हवी होती. आता एकच, कायनेटिक्सचा (अभिक्रियेचा वेग मोजायचा) तासाभराचा रन लावला की मध्येच कनेक्शन तुटतं.

सूक्ष्मजीव_ताई: पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापर नसला की विंडोज यूएसबी डिव्हाइस झोपवतं ते) बंद, स्लीप पण बंद. आणि केबल पीसीच्या मागच्या पोर्टला लाव, हबमधून नको.