मंडळाची व्हॅन सुरू होईना, शनिवारच्या हळदीकुंकवाचं सामान आत आहे

मंडळी,
आज सकाळी एडमंटनला उणे ३१. व्हॅन माझ्या दारात आहे, इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर रात्रभर विजेला लावून ठेवला होता. तरी किल्ली फिरवली की घर्र... घर्र... आणि गप्प. वाणाच्या वाट्या, समया, पाट सगळं आत. नवी बॅटरी आजच आणू का? बिल मंडळाला लागेल ना?
– सचिव

ताई, गणपतीनंतरच बॅटरी बदलली आहे, पावती माझ्याकडे आहे. समितीला विचारल्याशिवाय दुसरी घेऊ नका.
– खजिनदार

पावतीचं नंतर बघू. ताई, आवाजावरून अर्धं निदान होतं. नुसतं टकटकटक वाजलं तर बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनलवर पूड धरलेली. इंजिन भराभर फिरूनही पेटत नसेल तर इंधन किंवा स्पार्क. जड घर्रघर्र म्हणजे बॅटरीत दम नाही किंवा ऑइल गारठून घट्ट झालंय. आधी मीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. बॅटरी फुगलेली दिसली तर दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल अजिबात लावू नका, आतलं गोठलेलं असतं, स्फोट होऊ शकतो.
– नाट्यविभागातला दादा

नाशिकला थंडीत बाबा स्कूटर तिरकी करून मगच किक मारायचे. तिसऱ्या किकला हमखास सुरू! व्हॅनमध्ये ऑइल कोणतं आहे? इथे थंडीत पातळ राहणारं ०डब्ल्यूच हवं, मी दरवर्षी सांगतो.
– काका

दादा, १२.५ आलं.
– सचिव

मग बॅटरी जवळपास भरलेली आहे, इतक्यात पैसे घालू नका. हीटर तापतोय का ते बघा. ग्रिलमधून लोंबणारा प्लग भिंतीतून काढा, त्याच्या दोन चपट्या पिनांना मीटर लावा. ४०० वॉटचा हीटर असेल तर ३६ ओहमच्या आसपास यायला हवं.
– दादा

काहीच येत नाही. ग्रिलच्या आत कॉर्ड तुटलीय, तांब्याच्या तारा हिरव्या पडल्यात.
– सचिव

तालमीहून निघताना कोणीतरी प्लग न काढता गाडी पुढे घेतली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं.
– खजिनदार

तालमीला व्हॅन नव्हतीच, आम्ही आपापल्या गाड्यांनी आलो होतो. कॉर्ड वेगळी मिळते, येताना घेऊन येतो. हीटर तीनचार तास चालला की इंजिन मोकळं फिरेल.
– दादा

कॉर्डची पावती ठेवा.
– खजिनदार

ताई, तिळगुळाचे डबेही व्हॅनमध्येच आहेत का? आत्ताच घरात घ्या, त्या थंडीत दगड होतील.
– स्वयंपाक समितीतली वहिनी