कुऱ्हाड घेऊन निघालो तरी शेवटी धनुर्धरच का होतो?

मोजावेचा पोस्टमन
स्कायरिम हा रोल-प्लेइंग गेम चौथ्यांदा सुरू केला. या वेळी ठरवून ऑर्क जमातीचा गडी, दोन हातांची कुऱ्हाड, बाकी काही शिकायचं नाही. तीस तासांनी बघतो तर हा गडी गुहेत ओणवा बसून अंधारातून बाण मारतोय. हसू नका, तुमचंही हेच झालंय.

यात माझ्या स्वभावाचा दोष थोडा आणि गेमच्या हिशेबाचा जास्त, असं माझं मत आहे. अठरा स्किल्स, क्लास (योद्धा, जादूगार असा ठरलेला पेशा) नाही, जे वापराल ते वाढतं. त्यात २०१३च्या पॅचपासून (गेममधल्या सुधारणेपासून) शंभरावर पोचलेलं स्किल पुन्हा पंधरावर आणून त्यात खर्चलेले पर्क (खास क्षमतांचे पॉइंट) परत घेता येतात, म्हणजे लेव्हलला अंतच नाही. काही सोडावंच लागत नाही! जादूच्या कॉलेजच्या दारात एक मंत्र करून दाखवला की आत, पुढे बहुतेक काम तलवारीवर भागवूनही आर्चमेज, म्हणजे कॉलेजचा मुख्य जादूगार, होता येतं. त्याच मालिकेतल्या आधीच्या मॉरोविंडमध्ये (२००२) गिल्डमध्ये (संघात) बढती हवी तर त्या गिल्डची स्किल्स ठरावीक आकड्यापर्यंत न्यावी लागत. तीन घराण्यांपैकी एकाचंच होता येई.

आता फॉलआउट: न्यू वेगास हा गेम बघा. बुद्धी अगदी १० ठेवली तरी दर लेव्हलला स्किल्समध्ये वाटायला १५ पॉइंट. मूळ गेमची मर्यादा ३० लेव्हल, म्हणजे २९ वेळा १५, झाले ४३५. स्किल्स तेरा, सगळी शंभरावर न्यायची तर १३०० हवेत. पुस्तकं-पर्क सोडले तर सुरुवातीचे आकडे धरूनही निम्म्याच्या आसपासच भरतात. म्हणून पहिल्याच गावात, गुडस्प्रिंग्जमध्ये, गुंडांशी लढाईची तयारी करताना मजा येते. स्फोटकांचं ज्ञान असेल तर ईझी पीट डायनामाइट देतो. औषधांतलं कळत असेल तर डॉक्टर मदत करतात, आणि घासाघीस जमत असेल तर दुकानदार चेट हात सैल सोडतो. गाव तेच, पण माझं आणि तुमचं वेगळं.

तेव्हा गेम करणाऱ्यांनो, पॉइंट कमी द्या, आणि दिलेले पॉइंट परत घेऊन नव्याने वाटायची, म्हणजे रीस्पेकची, सोय फुकट ठेवू नका.

हाडांचा कारकून
साफ असहमत. डायब्लो २ आलं २०००मध्ये. रीस्पेक मिळालं २०१०च्या पॅचमध्ये. मधली दहा वर्षं आम्ही भोगलीत.

हॉस्टेलवर चौघांत एक पीसी. माझ्या नेक्रोमॅन्सरला (मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूगाराला) मी प्रत्येक स्किलमध्ये एक-एक पॉइंट दिला, प्रसाद वाटल्यासारखा. नाइटमेअर या वरच्या काठिण्यपातळीत गेल्यावर त्याचे सांगाडे फुंकर मारली तरी पडायचे. उपाय एकच, पहिल्या लेव्हलपासून नवीन गडी.

यातून विविधता आली म्हणता? उलट झालं. २००३च्या पॅचमध्ये सिनर्जी आल्या, खालच्या स्किलमधले पॉइंट वरच्याला बळ देऊ लागले. कागदावर फार छान कल्पना. पण मग हॅमरडिनचा, म्हणजे हातोडे फिरवणाऱ्या धर्मयोद्ध्याचा, हिशेब बघा: ब्लेस्ड हॅमर, कॉन्सन्ट्रेशन, व्हिगर, ब्लेस्ड एम, चारही स्किल्समध्ये वीस-वीस. ऐंशी पॉइंट तिथेच संपले, आणि पूर्ण ९९ लेव्हलपर्यंत गेलात तरी मिळतात ११०. बॅटलनेट या ऑनलाइन सेवेवर बघाल तिकडे हातोडे फिरतायत. चुकीची शिक्षा एवढी मोठी असली की माणूस प्रयोग करत नाही, गाइड उघडतो.

बाल्डर्स गेट ३मध्ये विदर्स नावाच्या पात्राला शंभर नाणी दिली की क्लाससकट सगळं बदलता येतं. त्यामुळेच मी गेल या विझार्ड (जादूगार) साथीदाराला एकदा बार्ड (गायक) करून बघितलं. एरवी कधी केलं असतं?

मोजावेचा पोस्टमन
शंभर नाणी ही किंमत नाही हो, चहापाण्याचे पैसे आहेत. आणि तुमचा बार्ड झालेला गेल पुढे बोलतो काय? अजूनही तो विझार्डच आहे! गोष्टीला पत्ताच नाही की तुम्ही काही बदललंत. बदल फुकट असला की गेमही तो मनावर घेत नाही.

मधल्या फळीतला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

रात्रपाळी
दोघांनाही एक विचारते. आठवड्यातून किती तास खेळता? मला आठवड्याला पोरगी झोपल्यावर मिळतो तो एक तास. चाळीस तासांनी कळलं की बिल्ड (पॉइंटची मांडणी) चुकलं, तर माझे नऊ महिने गेले. ‘परिणाम भोगा’ म्हणायला वेळ लागतो, तो कॉलेजात असताना माझ्याकडेही होता.

शिवाय तुम्ही भांडताय चुकीच्या जागी. पॉइंट किती, यापेक्षा ते चालतात कुठे? पहिल्या डेउस एक्समध्ये पोहण्याचं वेगळं स्किल होतं. त्यात पॉइंट घालणारा दुसऱ्या खेपेला सापडणं कठीण, कारण पाणीच मोजकं. त्याच मालिकेतल्या ह्यूमन रेव्होल्यूशनमध्ये (२०११) तर कहर. लपा, हॅकिंग करा, कोणाला मारू नका, सगळं चालतं, आणि मग बॉस समोर येतो नि बंदूकच लागते. दोन वर्षांनी निघालेल्या सुधारित आवृत्तीत बॉसच्या खोल्यांत हॅकिंगला जागा केली. पॉइंटची संख्या कमी करून हे सुटलं असतं का?

आणि पोस्टमनदादा, तुमचं न्यू वेगास मलाही आवडतं, पण अर्धंच सांगताय. चार डीएलसींनी (नंतर आलेल्या जोडभागांनी) लेव्हलची मर्यादा पाच-पाच करत ५०वर नेली. तिथे तुमची टंचाई बरीच ढिली पडते. तरी गेम टिकतो, कारण गावोगावची माणसं तुमचं स्किल बघून बोलतात. लेगेट लेनियससारख्या राक्षसी सेनापतीला स्पीच शंभर असेल तर नुसतं बोलून परत पाठवता येतं!

मोजावेचा पोस्टमन
डीएलसीचा मुद्दा मान्य, तो मी सोयीस्कर विसरलो होतो. वेळेचंही पटलं. मग असं करा, रीस्पेक ठेवा, पण पहिल्या भागापुरतं. नंतर दार बंद.

हाडांचा कारकून
पहिल्या भागात आम्हाला काय माहीत, पुढे काय लागणार? माझा नेक्रोमॅन्सर पहिल्या अंकात वाघ होता.

रात्रपाळी
हाहा, हे खरंय. त्यापेक्षा किंमत गोष्टीतूनच घ्या ना. एल्डन रिंगमध्ये पॉइंट नव्याने वाटायला प्रत्येक वेळी लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू लागते, आणि त्या मोजक्याच मिळतात. माझ्यासारखीची एखादी चूक भागते, पण रोज नवा अवतार घेता येत नाही.

हाडांचा कारकून
याला मी हो म्हणेन. कुरकुरत.

मधल्या फळीतला
पॉपकॉर्न संपले. त्या ऑर्कचं काय झालं शेवटी?

मोजावेचा पोस्टमन
चोरांच्या गिल्डचा प्रमुख झालाय. कुऱ्हाड घरी भिंतीवर टांगली आहे.