आधी मार्शल व्हा

वर एकाने विचारलंय की मुंबईत राहून बाइकवर ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या वाटांवर, चालवायला शिकायचं तर सुरुवात कुठून करावी, आणि बहुतेकांनी गाड्यांचीच नावं सुचवली आहेत. गाडीचं सोपं आहे. 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200 ही बाइक आली आणि 220 मिमी ग्राउंड क्लिअरन्सची (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) हलकी गाडी आवाक्यात आली. जुनी मिळाली तर उत्तमच, पाडायला जीव कचरत नाही.

पण कॉलेजपासून हा नाद असलेल्या माणसाचं ऐका: आधी क्लबच्या राइडला मार्शल म्हणून उभे राहा. कर्जत-मुरबाडकडच्या कच्च्या रस्त्यांना फाटे फार. प्रत्येक फाट्यावर लीडरच्या मागचा एक जण थांबतो (हाच मार्शल), येणाऱ्यांना दिशा दाखवतो आणि सगळ्यात मागची स्वीपची गाडी येईपर्यंत जागा सोडत नाही. तिथे उभं राहून जे दिसतं ते कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. चिखलाच्या एकाच पट्ट्यात, सीटवर बसून पुढच्या चाकाकडे बघणारा घसरतो. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, नजर लांब ठेवणारा आरामात निघून जातो. (टायरमधली हवाही त्याने थोडी कमी केलेली असते, म्हणजे जमिनीला जास्त रबर लागतं. हायवेला लागण्याआधी मात्र ती पुन्हा भरायचीच.)

आणि पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधावर एकही चाक चढू द्यायचं नाही. बांध फुटला की पाणी जातं, लावणी वाया जाते. त्यासाठी आधी गावात जाऊन वाट विचारून यावी लागते. हे काम मी दरवेळी मागून घेतो. चहा घेता घेता कुठली वाट वाहून गेली, कुठे नवा बांध घातला, सगळं कळतं.