एका ओळीने म्हणे अमेरिका पसरली!

तिरकस: 'एका कवितेने अमेरिका पॅसिफिकपर्यंत नेली' हे काल इथे वाचलं आणि राहवलं नाही. 'साम्राज्याची वाट पश्चिमेकडे' ही आयरिश तत्त्वज्ञ बिशप बर्कलीच्या कवितेतली ओळ १७२६ची. बुवांना बर्म्युडात कॉलेज काढायचं होतं. ब्रिटिश पार्लमेंटने २०,००० पौंड कबूल केले, दिले नाहीत. अमेरिकेतल्या न्यूपोर्टला पैशांची वाट बघून १७३१मध्ये बुवा परत! लुइझियाना १८०३मध्ये विकत घेतला, कॅलिफोर्निया मेक्सिकोला हरवून १८४८मध्ये. हवी होती जमीन. कविता कुठून आली मध्येच?

खाडीकाठची काकू: बर्कली नाही हो, बार्कली! बिशप बार्कली, आमच्या शेजारचं कॅलिफोर्नियातलं गाव मात्र बर्कली. गावाला नाव १८६६मध्ये याच ओळीवरून पडलं. इथल्या कॅलिफोर्निया कॉलेजच्या विश्वस्तांपैकी बिलिंग्जना ती आठवली.

तिरकस: काकू, उच्चार राहू दे. मुद्दा?

अर्धवट_एमए: उच्चार का राहू दे? तोंडी परीक्षेत मी 'बार्कली' म्हणालो, तर परीक्षक खो खो हसले. वीस वर्षं झाली, अजून डोकं तापतं.

खाडीकाठची काकू: बघा! आणि तुमचे परीक्षकच चूक.

तिरकस: इथे मेक्सिको गेला, यांना मार्कांची पडलीय.

भटका: तिरकसराव, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधला, म्हणजे अमेरिकी संसद भवनातला, चित्रकार लॉइत्सेच्या चित्राचा तो जिना चढलायत का? भिंतभर चित्र, नाव हीच ओळ. १८६२मध्ये, यादवी युद्ध चालू असताना पूर्ण केलं. वर खडकावरून माणूस पश्चिमेकडे हात करतोय, खाली गाड्या, बायकापोरं. तळाच्या पट्टीत सॅन फ्रान्सिस्कोची गोल्डन गेट सामुद्रधुनी, पूल व्हायच्या आधीची. माझा मुलगा विचारतो, "पूल कुठाय?" मूळ रहिवासी मात्र किनारीच्या वेलबुट्टीत. सरकारी भिंतीवर ओळ उगाच चढते का? आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन क्विन्सी अॅडम्सने १८०२च्या प्लिमथच्या भाषणात 'वाट'च्या जागी 'तारा' केलं. पुस्तक न उघडताच म्हटलं असणार त्याने. इतकी तोंडात बसलेली होती ती.

तिरकस: भाषणं करणाऱ्यांच्या तोंडात. बैलगाडी हाकणाऱ्याला कसला बिशप नि कसलं काय!

भटका: गाडीवाल्याला नसेल. त्याच्यामागून फौज पाठवणाऱ्याला होता. संपादक ओसलिव्हनने १८४५मध्ये 'हे आमचं विधिलिखितच' असं छापलं, तेव्हा वाचकांना ते नवं वाटलं असेल का?

तिरकस: बरं बाबा. घर बळकावल्यावर दारावर लावायला पाटी तयार होती. एवढं मान्य, खूश?

अर्धवट_एमए: पाटीवर उच्चार कुठला?

खाडीकाठची काकू: बार्कली!!