'हाइकाइ'ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई : स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीची एक इंग्रजी प्रश्नावली आम्ही तोक्योत जपानीत आणतोय. 'पेशंट भटकतो का?' या प्रश्नाला अडलोय. जपानीत रूढ शब्द 'हाइकाइ', म्हणजे उगाच, कशासाठीही नाही असं फिरणं. एका लेकीनं 'नाही' लिहिलं. मग बोलता बोलता म्हणाली, आई रोज संध्याकाळी बूट घालून दाराशी जाते, पण ते हाइकाइ नव्हे; मुलांचा स्वयंपाक करायला तिला घरी जायचं असतं. जपानमधल्या ओमुता शहरानं तर 2015 मध्ये, वाट चुकलेल्या अशा पेशंटना शोधण्याच्या आपल्या सरावाच्या नावातून हा शब्द काढलाच. मराठीत विचार केला तर वाट सापडेल असं वाटतं. 'भटकणे' मला खटकतं.

पळसपान : भ्रमण! भ्रम आणि भ्रमण एकाच धातूचे, भ्रमिष्टही त्यातलाच. स्मृतिभ्रंशसुद्धा.

शब्दवेडा : भ्रंश वेगळा. त्याचा धातू ढळण्याचा, पडण्याचा. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः' येतं ते क्रोधातून, म्हातारपणातून नव्हे. आजाराला सरळ डिमेन्शिया म्हणा.

माईची नात : गावात डिमेन्शिया कुणाला कळणार? आमच्या आजीला लोक 'म्हातारचळ लागला' म्हणायचे. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पळसपान : म्हातारचळ म्हणजे उतारवयातला रंगेलपणा. विसरण्याशी त्याचा संबंध नाही.

माईची नात : तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे तेच तेच विचारणाऱ्या माणसालाही म्हणतात, मी कानांनी ऐकलंय.

रानजाई : जपानीतही या आजाराला पूर्वी 'चिहो' म्हणत. त्यातल्या दोन्ही अक्षरांत मूर्खपणाचा अर्थ. डिसेंबर 2004 मध्ये आरोग्य मंत्रालयानं 'निन्चिशो' आणला. निन्ची म्हणजे आकलन, शो म्हणजे आजार.

शब्दवेडा : मग त्या शब्दात आकलनाच्या बिघाडाचा अर्थ कुठे आला? असे घडवलेले शब्द टिकत नाहीत, नाहीतर त्यांचीही शिवी होते.

रानजाई : टिकलाय तो. पण हल्ली नुसतं 'निन्ची' असं तोडून हिणवतात, हे खरं. माझा प्रश्न मात्र हाइकाइचा होता.

माईची नात : आजी तिन्हीसांजेला पदरात भाकरी बांधायची, उंबऱ्यावर चप्पल शोधायची. 'माहेरी जाऊन येते गं.' आई शेजारणीला कधी 'भटकतात' म्हणाली नाही. 'आत्याबाई निघाल्यात, जरा लक्ष ठेवा' एवढंच म्हणायची. तुमच्या प्रश्नावलीत 'निघतात का?' असं विचारता येईल का?

पळसपान : निघणं वेगळं. त्यात परत येणं गृहीत असतं.

शब्दवेडा : मुळीच नाही. वारीला निघालेला माणूस काय गृहीत धरतो?