सीएफच्या लेकराला 'समजदार' म्हणणं थांबवा

मांजराकाठ (धागाकर्ता)
माझ्या पोराला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, वय 13. जन्मजात आजार, छातीत चिकट कफ साचतो आणि खाल्लेलं, खास करून तूप-तेल, पचत नाही. परवा लग्नात पंगतीला बसल्यावर त्यानं खिशातून पचनासाठीच्या एन्झाइमच्या कॅप्सूल काढल्या, मोजून चार, आणि ताटावर वाकून गपचूप गिळल्या. शेजारची मावशी म्हणाली, "किती समजदार लेकरू! आजारानं शहाणं केलं." घरी येऊन नेब्युलायझर लावला, तर त्या घरघरीत पोरगं म्हणतंय, "मी चिडलो की आई देवळात जाऊन बसती, म्हणून चिडत नाही."

याला स्वभाव म्हणायचं? 2014 साली टाइड्स नावाचा नऊ देशांतला अभ्यास आला. सीएफचे रुग्ण आणि त्यांचे आईबाप, दोघांतही नैराश्य-चिंता इतरांच्या दोन-तीनपट निघाली. अमेरिका-युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 पासून सांगितलंय की 12 वर्षांपुढच्या प्रत्येकाला दरवर्षी मनाचं विचारा, पालकांनाही. आपल्याकडं वजन करतात, बेडका तपासतात, या म्हणतात.

दुधनाकाठ
दादा, राग नका मानू, पण त्या नऊ देशांत आपण नाही. आमच्या पुतणीला आधी टीबीच्या गोळ्या चालू केल्या होत्या. घामातलं मीठ तपासायला (सीएफ त्यावरनंच कळतो) पुणं गाठावं लागलं, तेव्हा कुठं कळलं. सोयाबीनचे पैसे एन्झाइममध्ये जायलेत. उन्हाळ्यात घामावाटे मीठ जाऊन लेकरू आडवं होतं, ते वेगळंच. आधी कॅप्सूल, मग मन.

मांजराकाठ
डॉक्टर वेगळा आणा कोण म्हणतंय? नऊ प्रश्नांचा कागद आहे, नंबर येईस्तोवर बाकड्यावर भरून होतो. आणि मन खचलं की लेकरू आधी नेब्युलायझरच चुकवतं. मग तुमच्या कॅप्सूलचं तरी काय?

बिंदुसरा
मी शिक्षिका आहे. कौतुकानं पोरं उभारी धरतात हो. आता शहाणं म्हणायचीही चोरी का?

खारा_घाम
मी 26 चा, मला स्वतःला सीएफ आहे. तुमचं कुणाचंच पूर्ण पटलं नाही. मी जोक मारला की लोक म्हणतात, बिचारा दुःख लपवायलाय. अहो, आमचे आजोबा मयतीत सुद्धा टवाळी करायचे, त्यांना कुठं सीएफ होता! बिघडलेला जीन सातव्या गुणसूत्रावर आहे, 1989 मध्ये सापडला. माझा स्वभाव तिथं शोधू नका. धागाकर्ते, तुमचं पोरगं कदाचित मुळातच अबोल असेल. ते आधी बघा.

मला टोचतं ते वेगळंच आहे. माझ्यासारखा दुसरा माणूस मी आजवर समोरासमोर बघितलेला नाही. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागतात, म्हणून दोन सीएफवाल्यांनी एका खोलीत बसायचं नाही. शुगरवाले निदान सकाळी फिरायला तरी सोबत जातात. आमचं सगळं मोबाईलवर. बिंदुसराताई, या एकटेपणाला 'शहाणं बाळ' म्हणून काय उभारी मिळणार?

दुधनाकाठ
हे मात्र डोक्यातच नव्हतं आलं. पुतणीला विचारते. कागद भरायचं अजून पटलेलं नाही.

मांजराकाठ
पोराला तुमचं वाचून दाखवलं. अबोल नाही हो तो, क्रिकेटवर तासभर बोलतो. त्यानं विचारलंय, ते दादा पंगतीत गोळ्या कशा घेतात?

खारा_घाम
पहिल्या घासाला, सगळ्यांच्या देखत. कोणी विचारलंच तर सांगतो, तुपाला आत सोडायची लाच आहे. व्यनि (खाजगी मेसेज) करा, बोलू द्या त्याला माझ्याशी. क्रिकेटवर.